एक, तीन, चार, दोन

पाचपाखाडीत तळमजल्यावर राहण्याचे फायदे कमी.
पण एक आहे : इंजिन जिना न चढता घरात येतं.
आलं. चार माणसं, दोन वासे, एक जुनी सतरंजी.
आईनं भाकरतुकडा ओवाळला नाही, एवढंच.
पद्मिनी बाहेर, विटांवर,
जबडा उघडा, आत काही नाही.

पहिला महिना नुसता उकलण्यात गेला.
बोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत,
डब्यांवर चिकटपट्टी, पट्टीवर माझं अक्षर :
‘डावीकडचा, वरचा, हट्टी.’
तेल निघालं ते काकवीसारखं.
सिलिंडरमध्ये बोट घातलं की
वरच्या अंगाला एक कड लागायची,
जिथून पिस्टन आजवर
प्रत्येक वेळी माघारी फिरला.

वागळे इस्टेटला इग्नेस डाबरेंनी
क्रँक दोरीला टांगला, हातोडीनं टिचकी मारली.
देवळातल्यासारखा घणघणला.
‘तडा नाही. दहा थाऊ घासतो.’
बिलावर लिहिलं : बाईंचं घरचं काम, मजुरी निम्मी.
मी पुरती मोजली.
अठरा वर्षं मायक्रोमीटर लावून
दुसऱ्यांचे जॉब पास-नापास केलेत,
दहा थाऊला काय पडतं ते मला ठाऊक आहे.

मग रंग.
ब्लॉकला ओल्या पाटीचा.
टॅपेट कव्हरला काय, ते ठरेना.
आईनं रिळांच्या पेटीतून अबोली रीळ काढलं,
रंगवाल्यासमोर दोरा धरून मी तोच घोटून आणला.
सेक्रेटरी टिपणीस ग्रिलमधून डोकावले :
‘बॉनेटखाली कोण बघायला येतंय?’
शिलाई मशीन थांबलं.
‘ब्लाउजचं अस्तरही कोणी बघत नाही, टिपणीस.
पण ते चुकलं, की बाई दिवसभर खांदे उडवते.’

गॅस्केटचं मात्र अवघड होतं.
कापडाची कात्री कागदाला लावायची नाही,
हा आमच्या घरातला एकमेव कायदा.
चौथीत मी तो मोडला, पाठ आठवते अजून.
ब्लेडनं तीन कागद फाडले आणि झोपले.
सकाळी टेबलावर गॅस्केटं,
भोकन् भोक जागच्या जागी,
कडेला टाचण्या.
कात्री दिसली नाही.
धार लावायला गेली होती.

रविवारी ग्रिलला सलाइनची बाटली टांगली, पेट्रोलची.
वरच्या मजल्यावरचा शार्विल, वय सहा,
बॅटरी धरायच्या कामावर दोन महिने हजर.
किल्ली फिरवली.
फट्ट!
कार्ब्युरेटर जाळ ओकला,
अबोलीवर काजळीचे ठिपके,
टिपणीस बनियनवर खाली.
पुन्हा : फट्ट.

मग प्लगच्या वायरींकडे लक्ष गेलं.
शाळेच्या रांगेसारख्या सरळ :
एक, दोन, तीन, चार.
‘मी नीट लावल्या,’ शार्विल म्हणाला,
‘तुझं चुकलं होतं ना.’

मी फरशीवर बसले त्याच्याजवळ.
हाताची चार बोटं पुढे केली :
कडेची दोन एकदम वर, मधली दोन एकदम खाली.
उभे रांगेत असतात, पण पाळी रांगेनं येत नाही.
त्यानं माझी बोटं दाबून खात्री केली,
आणि पाढ्यासारखं म्हणत म्हणत
वायरी स्वतःच बदलल्या :
एक तीन चार दोन, एक तीन चार दोन.
(पुढे शाळेतून चिठ्ठी आली, ती वेगळी गोष्ट.)

आणि लागलं.
आधी खोकत, मग अडखळत,
मग एका सुरात.
श्रीखंडाचे रिकामे डबे फळीवर थरथरले.
टिपणीस काही बोलले, ऐकू आलं नाही.

आई मशीनवरून उठून आली,
पदरानं काजळी टिपली,
ताप बघावा तसा अबोलीला हात लावला, झटकन काढला.
डोळे मिटून ऐकत राहिली.
‘एक टाका सुटतोय,’ म्हणाली.
‘कुठला?’
‘मधला कुठला तरी. तिसरा बघ.’

मी इंजिन बंद केलं,
हट्टी बोल्टासाठी पाना मागितला.
शार्विलनं बॅटरी धरली.